पहिलं पाणी

ओट्याखाली हात घातला तर आधी जळमटं लागली,
मग वाळलेलं फडकं, मग तो.
भिंतीतून येतो, आणि वळणावर असा फुगतो
की सापाने उंदीर गिळलाय.
देवळाली कॅम्पातल्या या बंगल्याच्या मागच्या अडीच खोल्या
भाड्याने घेऊन सात वर्षं झाली.
नळ पाहतो आपण.
नळामागचं कोण पाहतं.

लतीफ मिस्त्री फोनवर म्हणाले होते,
लोहचुंबक लावा, चिकटलं तर लोखंड.
नाही चिकटलं तर किल्लीने खरवडा.
तांबडं निघालं तर तांबं, नशीब समजा.
पांढरं चमकलं तर मला सांगा.

फ्रिजवरचं द्राक्षाच्या घडाचं चुंबक काढलं,
पतसंस्थेने दिवाळीत वाटलेलं.
लावलं. घसरलं.
पुन्हा लावलं, जरा दाबून, समजूत घातल्यासारखं.
फरशीवर पडलं आणि एक द्राक्ष फुटलं.

मग गोदरेजच्या कपाटाची किल्ली.
पाइप ओरखडला खरवसासारखा.
राखाडी कातडीखाली
नव्या रुपयाची चमक.

ही चमक मला ओळखीची.
बाबा बिटकोजवळच्या छापखान्यात खिळे जुळवायचे.
लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं,
बागायतदारांच्या सभेच्या नोटिसा.
झिजलेला खिळा माझ्यासाठी घरी यायचा,
उलटा अ, उलटा ण.
नख दाबलं की खूण उठायची, खाली हेच पांढरं.
मालक रोज संध्याकाळी गुळाचा खडा द्यायचे,
शिसं उतरतं म्हणून.
बाबा तो खायचे नाहीत.
खिशातून आणायचे माझ्यासाठी,
त्याच बोटांनी.

ओजस अडीच वर्षांचा झाला.
बोट दाखवतो, पदर धरून ओढत नेतो, खुदकन हसतो.
शब्द नाही.
डॉक्टरबाई म्हणाल्या, काही नसेलही.
पण रक्त तपासू, आणि घर जुनं असेल तर पाणीसुद्धा.
हे त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

पुढच्या व्हरांड्यातून खोरशेदबाई,
अरे शंभर वरसची लाइन हाय, कोन मेला काय?
पलीकडच्या सुरेखाताई, उकळून घ्या हो.
उकळलं की पाणी जातं.
शिसं राहतं.
हे मला मंगळवारी कळलं.
दोन वर्षं त्याचं पावडरचं दूध
मी उकळलेल्या पाण्यात कालवत होते.
वीस मिनिटं उकळायचं.
घड्याळ लावून.

प्रयोगशाळेच्या माणसाला पहिलं पाणी हवं होतं,
रात्रभर पाइपात निजलेलं.
सहा तास कुठलाच नळ सोडायचा नाही.
सुनेने बादल्या भरल्या, नळाला नाडी बांधून ठेवली
म्हणजे झोपेत हात जायला नको.
अडीचला ओजस उठला. ओट्याशी उभा राहून बोट वर.
विकतच्या बाटलीतलं दिलं तर भांडं लोटलं त्याने.
त्याला वाहतं हवं होतं.

साडेपाचला नाडी सोडली.
पहिली धार थेट बाटलीत.
दिव्यापुढे धरली, काहीच नाही.
वास नाही, गढूळ नाही, इतकं स्वच्छ
की सवयीने ओठांशी नेत होते.
लेबलावर लिहायला शिसपेन्सिल सापडली.
शिसपेन्सिलीत शिसं नसतं,
हे बाबांनीच सांगितलेलं.
नाव. वेळ. नळ कुठला.
स्वयंपाकघर, लिहिलं.

सव्वाआठच्या बसमध्ये बाटली मांडीवर, उभी.
संसरी नाक्यानंतर शेजारच्या बाईचं पोर रडायला लागलं.
ताई, घोटभर द्या ना याला.
मी बाटली पदराआड घेतली.
नाही, म्हणाले.
का ते एवढ्या गर्दीत कुठून सांगू.
पाण्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही.
बिटकोपर्यंत ती बाई
माझ्याकडे पाहत होती.